घाटकोपरची शिट्टी मुलुंडला

कुंडलिकराव हिवराळ्यांनी उभ्या आयुष्यात कोणाला चटकन ‘हो’ म्हटलेलं नाही. लग्नाच्या वेळी कांजूरमार्गला मुलगी बघायला गेले, पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि मुलीच्या वडिलांनी आशेनं तोंडाकडे बघितल्यावर ‘कळवतो’ म्हणून चपला घालून चालू लागले. नंतर कळवलं, होच कळवलं. पण तो ‘कळवतो’ मीराताईंनी आजतागायत जपून ठेवलाय आणि भांडणात कधी काही कमी पडलं की काढतात बाहेर.

आता हा स्वभावाचा दोष म्हणावा, तर पोट त्याच स्वभावावर भरलं. कुंडलिकराव एका बँकेत सह्या तपासायचे. चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी ताडायची, जुळली तर पुढे, नाही जुळली तर परत. एकदा खुद्द ब्रँच मॅनेजरचा चेक त्यांनी परत केला, कारण साहेबांच्या सहीची शेपटी त्या दिवशी आखडली होती. साहेब समोर येऊन ओरडले, “अहो हिवराळे, मी मीच आहे ना!” कुंडलिकराव शांतपणे म्हणाले, “तुम्ही तुम्हीच आहात साहेब. सही तुमची नाही.” साहेबांनी नीट शेपटी सोडली तेव्हाच काम झालं. या गोष्टीचा कुंडलिकरावांना इतका अभिमान, की निरोपसमारंभात दुसऱ्यांनी सांगायच्या आधी त्यांनी स्वतःच सांगून टाकली.

असा माणूस रिटायर होऊन घाटकोपरला पंतनगरात घरी बसला आणि त्याच्या हाती लिनक्स लागलं. घरचा जुना डेस्कटॉप धापा टाकायला लागला होता. बोरिवलीला राहणारी मुलगी दर्शना सॉफ्टवेअरमधली. तिनं एका रविवारी येऊन त्यावर लिनक्स घातलं आणि म्हणाली, “पप्पा, हे हलकं आहे, फुकट आहे, आणि काहीही करायला गेलात की आधी पासवर्ड विचारतं. तुमचं जमेल याच्याशी.” जमलं म्हणजे काय, मैत्रच जमलं! ज्याच्या मालकीचं आहे त्याच्यावरही संशय घेणारं यंत्र कुंडलिकरावांना पहिल्यांदाच भेटत होतं. ते काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं टाइप करू लागले, आणि मीराताई शेजारच्या प्रेमाताईंना सांगू लागल्या, “बँक सुटली गं, पण काउंटर काही सुटत नाही.”

इकडे मीराताईंचं वेगळंच चाललं होतं. त्यांना नाटकाची भारी हौस. यंदा उपनगरांतल्या महिला मंडळांची एकांकिका स्पर्धा मुलुंडच्या हॉलमध्ये होती, आणि मीराताईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः नाटक लिहिलं. नाव, ‘दाराला कडी नाही’. एका घराची कडी तुटते, सुतार काही येत नाही, आणि दिवसभर सगळा मजला घरात येतो-जातो, एवढीच गोष्ट. पण सगळा खेळ आवाजांचा. कुकरची शिट्टी झाली की एक बाई धावत आत येते, टँकरचा हॉर्न वाजला की दुसरी बाहेर पळते, फोन वाजला की तिसरी रडू लागते. आवाज नसले तर चार बायका दिवाणखान्यात विनाकारण पळतायत असं दिसलं असतं.

तालमी हिवराळ्यांच्याच हॉलमध्ये. मंडळातल्या सुगंधाताईंनी एकदा कुरकुर केली, “मीरा, मला चारच वाक्यं दिलीस गं!” त्यावर मीराताई कडाडल्या, “चार? मला पहिल्या नाटकात एकच होतं! आमच्या विहारापुढच्या मंडपात. ‘दिवा नेऊ नका, माझं वाचन व्हायचंय.’ संपलं. पण मंडपाच्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं. आता कोणाच्या लक्षात असणार म्हणा, मीसुद्धा विसरलेच असते. पण एकच असलं म्हणून काय झालं?” कुंडलिकराव तेव्हा टेबलाखाली वायरी सोडवत होते. त्यांनी डोकंसुद्धा वर केलं नाही.

हे मीराताईंचं जुनंच दुःख. “आमच्या यांनी माझं एकही नाटक पुरतं बघितलेलं नाही,” असं त्या सगळ्यांना सांगत. खरंच होतं ते. कुंडलिकराव प्रत्येक प्रयोगाला जात, पण कधी फ्यूज बघायला, कधी पडद्याची दोरी सोडवायला, कधी हॉलच्या मॅनेजरची पावती नीट आहे का ते तपासायला. नाटक संपताना टाळ्या ऐकून आत येत आणि विचारत, “झालं का?”

या खेपेला आवाजांचं काम कुंडलिकरावांकडे होतं, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. मीराताई रोज काहीतरी बदलत. आज दोन शिट्ट्या, उद्या तीन, परवा टँकर आधी आणि फोन मागून. प्रत्येकीकडे वेगळ्या दिवसाचा पेनड्राइव्ह. एका तालमीत कुकरच्या जागी टँकर वाजला आणि सुगंधाताई स्वयंपाकघरात बादली घेऊन धावल्या. त्या दिवशी कुंडलिकराव उठून उभे राहिले.

“आजपासून पेनड्राइव्ह बंद! मूळ प्रत एकच. ती घरच्या कॉम्प्युटरवर, कुलपात. मुलुंडला मी माझा लॅपटॉप घेऊन बसेन आणि तिथून सुरक्षित मार्गानं घरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून आवाज वाजवीन.”

“अहो, प्रयोगाच्या दिवशी एक पेनड्राइव्ह खिशात ठेवा की,” प्रेमाताई म्हणाल्या.

“व्हॉट्सॲपवर टाका ना भाऊजी,” सुगंधाताई म्हणाल्या.

“पप्पा, क्लाउडवर ठेवते मी,” फोनवरून दर्शना म्हणाली.

“आपलं सामान दुसऱ्याच्या कपाटात कशाला?” कुंडलिकराव म्हणाले, आणि विषय संपला. मीराताई फक्त म्हणाल्या, “माझं पहिलं लिहिलेलं नाटक आहे हो. वेळेवर पडदा वर गेला नाही तर बाद करतात. एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.”

आता बाहेरून घरात शिरायचं म्हणजे घराला पत्ता हवा. कुंडलिकरावांनी इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्याच्या ऑफिसात फोन लावला.

“मला बाहेरून आत यायचंय,” ते म्हणाले.

“सर, तुम्ही आत्ता कुठे आहात?” पलीकडची मुलगी.

“आत.”

“मग प्रॉब्लेम काय आहे सर?”

कुंडलिकरावांनी पहिल्यापासून समजावलं. मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. मग तिचे साहेब आले, साहेबांचे साहेब आले. प्रत्येकाला कुंडलिकरावांनी आपण आत आहोत आणि बाहेरून यायचंय हे सांगितलं आणि प्रत्येकानं राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. शेवटी एवढंच कळलं की अख्ख्या बिल्डिंगला मिळून बाहेर एकच पत्ता आहे, आणि बाहेरून आलेल्याला कोणाच्या घरात पाठवायचं हे केबलवाल्याला ठाऊक नाही, आणि त्याची तशी इच्छाही नाही.

दर्शनानं तोड काढली. तिचा इंटरनेटवर एक छोटासा भाड्याचा सर्व्हर होता. घरच्या कॉम्प्युटरनंच आतून बाहेर त्या सर्व्हरपर्यंत एक बंदिस्त वाट काढून ठेवायची आणि धरून ठेवायची. मग जगात कुठूनही त्या सर्व्हरवर जायचं, त्याच वाटेनं उलटं चालत घरात. बाहेरचा माणूस दार ठोठावू शकत नाही, तर आतल्यानंच कोपऱ्यावर जाऊन उभं राहायचं. याला टनेल म्हणतात. कुंडलिकरावांना कल्पना बेहद्द आवडली. दोन्ही यंत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवून त्यांनी लॅपटॉपवरून डेस्कटॉपमध्ये प्रवेश केला, कमांड दिली, आणि कुकरची खणखणीत शिट्टी वाजली. मीराताईंनी स्वयंपाकघरातून धावत येऊन गॅस बंद केला. कुंडलिकरावांना वाटलं, जिंकलो!

खरी परीक्षा बाहेरून घ्यायला हवी, म्हणून दोघं बोरिवलीला दर्शनाकडे गेले. लॅपटॉप उघडला, कमांड दिली. काही नाही. पुन्हा दिली. काही नाही. दर्शनानं खटपट केली आणि म्हणाली, “पप्पा, घरचा कॉम्प्युटर बंदच आहे.”

कुंडलिकरावांनी मीराताईंकडे बघितलं.

“माझ्याकडे काय बघताय?” मीराताई म्हणाल्या. “घराबाहेर पडताना गॅस बंद, नळ बंद, मेन स्विच बंद. लग्न होऊन आल्यापासून करतेय. आजच तुम्हाला खुपलं?”

मग मेन स्विचवर चिकटपट्टी आली. दुसरी परीक्षा गच्चीवरून, फोनच्या इंटरनेटवर. तेव्हा कॉम्प्युटर चालू होता, पण दहा मिनिटं कोणी हात लावला नाही म्हणून झोपला होता. त्याची झोप उडवायची सेटिंग शोधेपर्यंत गच्चीवर सोसायटीचे सेक्रेटरी उगवले. (नाव सांगत नाही, निवडणूक जवळ आली आहे.) आपल्या घरात गच्चीवरून शिरायचा प्रयत्न करणारा सभासद त्यांनी कारकिर्दीत पहिल्यांदाच पाहिला होता. त्यांनी कमिटीची बैठक बोलावली. रिकाम्या, कुलूपबंद घरात कॉम्प्युटर एकटा चालू ठेवणं उपविधींत बसतं का यावर चर्चा झाली. उपविधींत कॉम्प्युटर हा शब्दच सापडला नाही. कपडे वाळत घालण्याबद्दल मात्र पुष्कळ होतं. शेवटी ठरलं, की प्रयोगाच्या दिवशी घराची किल्ली एका जबाबदार सभासदाकडे राहील आणि तो कॉम्प्युटरवर नजर ठेवील. जबाबदार सभासद म्हणून समोरच्या फ्लॅटमधले अण्णा नेरुरकर यांची नेमणूक झाली. अण्णांना एरवीही नाटकाला जायचं नव्हतं, गुडघे दुखत होते. किल्ली तर त्यांच्याकडे गेली कित्येक वर्षं होतीच.

कॉम्प्युटरची झोप तेवढी उडवली, पण या सगळ्या गडबडीत बाहेरून एकदाही नीट आत शिरून बघायचं राहूनच गेलं.

प्रयोगाचा दिवस उजाडला. मुलुंडचा हॉल गच्च भरलेला. मीराताईंचा नंबर तिसरा. दुसऱ्या मंडळाचं नाटक संपलं, पडदा पडला, निवेदन करणाऱ्या रेवतीताई रंगमंचाच्या बाजूला कुंडलिकरावांच्या टेबलापाशी आल्या आणि माइकमध्ये म्हणाल्या, “यानंतर घाटकोपरचं मंडळ सादर करत आहे, ‘दाराला कडी नाही’! घंटा झाल्यावर पडदा उघडलाच पाहिजे, अन्यथा प्रवेशिका बाद.” मग माइक टेबलावर ठेवून त्या परीक्षकांना चहा विचारायला गेल्या.

कुंडलिकरावांनी लॅपटॉपला हॉलच्या स्पीकरची वायर जोडली, चष्मा पुसला, कमांड दिली. या वेळी वाट उघडली! सर्व्हर लागला, सर्व्हरवरून उलटं घाटकोपर लागलं, आणि काळ्या खिडकीत मजकूर आला. इंग्रजीत होता. अर्थ असा: ‘समोरच्या यंत्राची ओळख पटवता येत नाही. त्याच्या किल्लीचा ठसा हा असा आहे.’ खाली मोठी-छोटी अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक माळ, जणू त्या यंत्राची सहीच. आणि शेवटी प्रश्न: ‘पुढे जायचं नक्की? हो की नाही?’

कुंडलिकरावांचा हात हवेतच थांबला. घरी लॅपटॉपनं हेच विचारलं होतं, तेव्हा उठून शेजारच्या यंत्राचा ठसा बघून त्यांनी अक्षरन् अक्षर ताडलं होतं. आता सर्व्हरच्या नव्या पत्त्यावरून आल्यामुळे तो पुन्हा विचारत होता. आणि नमुना घाटकोपरला!

त्यांनी दर्शनाला फोन लावला.

“पप्पा, ‘येस’ लिहा आणि एंटर मारा! सगळं जग तेच करतं!”

“कोणाला हो म्हणतोय ते बघायला नको?”

“पप्पा, तुमचाच कॉम्प्युटर आहे तो!”

“तो म्हणतोय तसं. ब्रँच मॅनेजरही म्हणायचे.” आणि त्यांनी फोन ठेवला.

पडद्याच्या फटीतून मीराताईंचं रंगवलेलं तोंड बाहेर आलं. “झालं का हो?”

“दोन मिनिटं. पडताळणी चालू आहे.”

“पडताळणी? आत्ता? अहो, सुगंधाच्या तळव्यांना घाम फुटलाय, माझी वाट लागायची वेळ आलीये, आणि तुम्ही…” तेवढ्यात कोणीतरी त्यांना आत ओढलं.

कुंडलिकरावांनी अण्णांना फोन लावला. हॉलच्या गलबल्यात नीट ऐकू येईना, म्हणून फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. रेवतीताई माइक ठेवून गेल्या होत्या तो बंद करून गेल्या नव्हत्या. त्याच्यावर एक बारीकसा लाल दिवा लागलेला होता. कुंडलिकरावांची त्याच्याकडे पाठ होती. हॉलमधल्या माणसांना दिवा दिसत नव्हता, पण ऐकू सगळं येत होतं.

“अण्णा, कॉम्प्युटरसमोर बसा!” हॉलच्या चारी भिंतींतून आवाज घुमला. कुजबुज थांबली. प्रेक्षकांना वाटलं, नाटक सुरू झालं.

“बसलंय,” अण्णांचा मालवणी हेलातला आवाज. “काळोख आसा. काय तरी मागता हा. पासवर्ड म्हणता.”

“हां. तो…” कुंडलिकरावांनी इकडेतिकडे बघितलं. जवळपास कोणी नव्हतं. तरी त्यांनी तोंडाला हात लावला आणि खास दबलेल्या आवाजात सांगायला सुरुवात केली. दबलेला आवाज माइकवर फारच छान येतो. “डी, आय, व्ही, ए…”

“थांबा, थांबा. डी खंय गेलो?” अण्णा बटणं शोधत होते. “अहो कुंडलिकराव, एकेक अक्षर नको. शब्द काय तो सांगा, मी घालतंय.”

“शब्द नाही, अख्खं वाक्य आहे. इंग्रजी अक्षरांत, न तोडता लिहायचं.”

“मग वाक्य सांगा!”

“कोणाला सांगणार नाही ना?”

“माझ्या गळ्याची शपथ,” अण्णा म्हणाले. पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी नकळत आपल्याही गळ्याला हात लावला.

कुंडलिकरावांनी घसा खाकरला. “दिवा नेऊ नका, माझं वाचन व्हायचंय.”

हॉलमध्ये कोणाला काहीच कळलं नाही. पडद्यामागे मात्र, प्रेमाताई नंतर सांगत होत्या, मीराताईंच्या हातातला झारा खाली पडला. त्या झाऱ्याचा आवाजही माइकवर आला. कुंडलिकरावांना वाटलं घाटकोपरला काहीतरी पडलं.

“झाला! उघडला!” अण्णा ओरडले.

“शाब्बास! आता ती काळी खिडकी दिसते? त्यात वरच्या बाणाचं बटण दाबा, मी मागे दिलेली कमांड परत येईल, मग एंटर मारा. ठसा येईल. तो वाचा.”

“छोटो एक्स,” अण्णांनी सुरुवात केली.

“छोटा एक्स. आहे.”

“मोठो क्यू.”

“मोठा क्यू. आहे.”

“सात.”

“आहे!” हे कुंडलिकराव म्हणाले नाहीत. हे हॉलमधून आलं. एक नाही, पन्नासेक गळ्यांमधून आलं. कुंडलिकरावांनी दचकून मान वर केली, समोर तीनशे माणसं, आणि मग हळूहळू मान वळवून त्यांनी तो लाल दिवा बघितला.

ज्या माणसानं मॅनेजरवर विश्वास ठेवला नाही, केबलवाल्यावर ठेवला नाही, ढगावर ठेवला नाही, त्यानं आपला पासवर्ड मुलुंडच्या भरल्या हॉलला भोंग्यावरून सांगितला होता! कुंडलिकरावांच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्यांना मनापासून वाटलं. पण घंटेची वेळ होत आली होती. आणि अर्धवट पडताळणी म्हणजे पडताळणीच नाही. त्यांनी खालमानेनं बोट पुढच्या अक्षरावर ठेवलं. अण्णा वाचत गेले, हॉल “आहे!” म्हणत गेला, आणि शेवटच्या अक्षराला कोणीतरी शिट्टी मारली. जुळलं होतं. कुंडलिकरावांनी ‘येस’ लिहिलं आणि एंटर मारला. घंटा झाली. पडदा उघडला.

रंगमंचावर मीराताई, हातात झारा. त्या कुकरच्या शिट्टीची वाट बघत होत्या. कुंडलिकरावांनी कमांड दिली.

शांतता.

पुन्हा दिली. शांतता. स्पीकरची वायर काढून घातली. शांतता.

आणि मग टेबलावरच्या फोनमधून, म्हणजे माइकमधून, म्हणजे अख्ख्या हॉलमधून कुकरची शिट्टी आली, आणि पाठोपाठ अण्णांची किंकाळी, “कुंडलिकराव! अहो हंय कुकर वाजता! गॅसवर तर काय्येक नाय!”

आता कुंडलिकरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. कमांड मुलुंडवरून घाटकोपरला बरोबर जात होती. पण घाटकोपरच्या कॉम्प्युटरनं वाजवलेला आवाज घाटकोपरच्याच स्पीकरमधून येणार, तो मुलुंडला कशाला येईल? घरी दोन्ही यंत्रं एकाच टेबलावर असताना कुठलं वाजतंय हे बघायचं राहिलं होतं. सगळं तपासणाऱ्या माणसाचं तेवढंच तपासायचं राहिलं होतं.

रंगमंचावर मीराताईंनी मात्र एक क्षणही घालवला नाही. शिट्टी झाली ना? मग झालं! त्या आत वळून ओरडल्या, “अगं, कुकर झाला बघ!” आणि सुगंधाताई धावत आल्या.

“अण्णा,” कुंडलिकराव कळवळून म्हणाले, “फोन स्पीकरला लावून धरा. हलू नका. आणि कृपा करून बोलू नका.”

अशा रीतीनं ‘दाराला कडी नाही’चा प्रयोग रंगला. कुंडलिकराव मुलुंडला एंटर मारत, बंदिस्त वाटेनं कमांड घाटकोपरला जाई, तिथं आवाज वाजे, तो अण्णांच्या फोनमधून परत मुलुंडला येई. अण्णांनी पहिल्या दोन गोष्टी पाळल्या. तिसरी त्यांच्या हातातली नव्हती. टँकरचा हॉर्न वाजला तसे ते म्हणाले, “आपल्याकडे टँकर इलो काय?” हॉल हसून लोळायला लागला. मीराताई विंगेकडे तोंड करून म्हणाल्या, “अण्णा, बाहेरून काय विचारताय? आत या! दाराला कडी नाहीच्चे!”

“आतच आसंय गे बाय मी!” अण्णा भांबावून म्हणाले. ते खरोखरच मीराताईंच्या घरात होते. त्या वाक्याला जी टाळी पडली, ती लेखिकेनं लिहिलेल्या एकाही वाक्याला पडली नव्हती.

लेखनाचं बक्षीस मीराताईंना मिळालं. नाव पुकारल्यावर त्या स्टेजवर आल्या आणि परीक्षकांचा हात सोडायला विसरल्या. आणखी एक विशेष बक्षीस जाहीर झालं: रंगमंचावर न येता केलेल्या उत्कृष्ट भूमिकेसाठी, अण्णा नेरुरकर. ते कुंडलिकरावांनी त्यांच्या वतीनं स्वीकारलं. त्यांचं स्वतःचं नाव कोणी घेतलं नाही. पण बाहेर पडताना तीन अनोळखी बायका त्यांना म्हणाल्या, “काका, पासवर्ड बदला हं.”

घरी आल्यावर अण्णांना त्यांचं बक्षीस देऊन झालं, चहा झाला, अण्णा गेले. मीराताईंनी तोंडावरचा रंग काढला नव्हता. त्या कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या.

“ते माझं वाक्य आहे.”

“हो.”

“कांजूरच्या मंडपात तुम्ही होतात?”

“शेवटच्या रांगेत. मित्राबरोबर आलो होतो. ऐकू आलं.”

मीराताई शेजारच्या स्टुलावर बसल्या. मग एकदम त्यांना आठवलं आणि त्या उसळल्या, “मग बघायला आलात तेव्हा ‘कळवतो’ का म्हणालात? माझे बाबा त्या रात्री जेवले नव्हते!”

कुंडलिकरावांनी चष्मा काढून पुसला. “मंडपात तोंडाला रंग होता, उजेड दिव्याचा. घरी तू वेगळीच दिसत होतीस. ती तूच का, याची खात्री नको करायला? कॉलनीत चार जणांना विचारलं. जुळलं. मग हो कळवलं.”

मीराताईंना हसावं की रडावं कळेना. “इतकी वर्षं सांगितलं का नाहीत मग?”

“पासवर्ड होता ना,” कुंडलिकराव म्हणाले. “पासवर्ड कोणी सांगतं का?”

मीराताईंनी पदरानं डोळे पुसले, त्यात गालावरचा रंगही आला. मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “आता सगळ्या मुलुंडला कळलाय. बदला. आणि या खेपेला माझ्या नव्या नाटकातलं घ्या. पण त्यासाठी नाटक बघायला लागेल. बसून. पूर्ण.”

‘दाराला कडी नाही’चा पुढचा प्रयोग कांजूरमार्गच्या विहारात झाला. आवाजांचा पेनड्राइव्ह प्रेमाताईंकडे होता. कुंडलिकराव पहिल्या रांगेत मधोमध बसले आणि एकदाही फ्यूज बघायला उठले नाहीत. दुसऱ्या प्रवेशात एका वाक्याला मीराताईंना दिसलं की त्यांचे ओठ हलतायत.

त्यानंतरचा प्रयोग घाटकोपरला, आपल्याच सोसायटीच्या आवारात. दुसऱ्या प्रवेशात मीराताई नेमक्या त्याच वाक्याशी आल्या, क्षणभर थांबल्या, आणि वाक्य गिळून थेट पुढच्यावर गेल्या. सुगंधाताई गडबडल्या. पडदा पडल्यावर त्यांनी मीराताईंना विंगेत गाठलं. “अगं, स्वतः लिहिलेलं वाक्य विसरलीस? सगळ्यात छान वाक्य होतं ते!”

“विसरले नाही गं,” मीराताई म्हणाल्या. “ते वाक्य आता जाहीर म्हणता येत नाही. घरात शिरतील लोक.”